लांब सायकल सफरीचे कपडे : आधी वीण बघा, मग लेबल

सायकलवरून काही दिवस उन्हातून जायचं ठरलं की गिअर, टायर, पंक्चरचं सामान यांवर महिनाभर खल चालतो आणि कपड्यांचा निर्णय आदल्या संध्याकाळी कपाट उघडून घेतला जातो. कोणी होजियरीचा जुना टी-शर्ट काढतं, कोणी शर्यतीतल्यासारखी अंगाला चिकटणारी अर्ध्या बाह्यांची काळी जर्सी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांचेही हाल सुरू होतात, फक्त कारणं वेगळी असतात.

शर्यतीचे कपडे वेगासाठी बेतलेले असतात. सफरीत तुम्ही सामानासकट संथ चालता, सहा-सात तास उघड्यावर असता, चढावर तर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडेच पुढे असता. त्यामुळे कापड निवडताना सपाट रस्त्यावरचा सुखाचा वारा डोळ्यांसमोर आणू नका. वारा पाठीशी, समोर चढ, सायकलचा वेग आणि वाऱ्याचा वेग सारखाच, म्हणजे अंगावर झुळूकसुद्धा नाही, अशी दुपार डोळ्यांसमोर आणा. त्या अर्ध्या तासात जे कापड चालेल ते इतर सगळीकडे चालतं.

हाताशी काय लागेल

- मोबाइलचा टॉर्च किंवा उजेडाची खिडकी
- वाटीभर पाणी आणि जुना टॉवेल
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- तुमची स्वतःची सायकल (दुकानात नेता येत नसेल तर खुर्चीवर पुढे वाकून भागवा)
- कपड्याच्या आतल्या शिवणीतलं बारीक अक्षरांचं लेबल वाचण्याचा धीर

## १. हवा कोरडी की दमट, ते आधी ठरवा

पेडलवर १०० वॉट ताकद लावली की शरीरात साधारण ३०० ते ४०० वॉट उष्णता तयार होते, कारण स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के कामाला लावतात. बाकीची सगळी बाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हिशेब केलात तर तासाला अर्धा लिटर घाम वाळायला हवा, आणि यात वरून पडणाऱ्या उन्हाची उष्णता धरलेलीच नाही. कोपरावरून ठिबकून रस्त्यावर पडलेल्या घामाने अंग गार होत नाही. गारवा फक्त वाळलेल्या घामाचा.

कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो. तिथे कापड थोडा वेळ ओलं राहिलं तर उलट बरंच, कारण तो ओलावा गारवा देत राहतो. दमट हवेत घाम वाळायलाच तयार नसतो. तिथे कापड अंगापासून सुटं हवं आणि आतून हवा खेळायला हवी. डोंगराळ सफर हा तिसरा प्रकार. चढताना घामाने निथळलेला शर्ट उतारावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरवतो, म्हणून तिथे पटकन वाळणं सगळ्यांत महत्त्वाचं. दर हजार मीटर उंचीला हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते आणि अतिनील किरणं मात्र दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. थंड वाटतंय म्हणून बाह्या वर सारल्या की हात भाजलेच समजा.

सायकलस्वाराची फसगत नेमकी इथेच होते. अतिनील किरणं जाणवत नाहीत, जाणवते ती उष्णता. वारा उष्णता पळवतो, किरणांना काही करत नाही. पातळ ढगांतूनही ती बरीचशी खाली येतात. ढोबळ खूण एकच : उन्हात तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरणं तीव्र आहेत.

## २. यूपीएफचा आकडा वाचायला शिका

सनस्क्रीनला एसपीएफ असतो तसा कपड्याला यूपीएफ असतो. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के आत येतो. यूपीएफ ३० ला सुमारे ३.३ टक्के आणि १५ ला ६.७ टक्के. एसपीएफ त्वचा लाल व्हायला किती वेळ लागतो यावरून ठरतो. यूपीएफ यंत्राने मोजतात आणि त्यात यूव्हीए व यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार धरतात.

साधा पांढरा पातळ सुती टी-शर्ट ५ ते ७ च्या आसपास असतो. घामाने भिजला की ३ पर्यंत खाली येतो, म्हणजे तिसरा हिस्सा ऊन आरपार. टी-शर्ट घालूनही संध्याकाळी खांदे चुरचुरतात ते यामुळे.

या आकड्यांचं पहिलं मानक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ मध्ये काढलं. त्यात कापड नवं, कोरडं आणि न ताणलेलं असताना तपासतात. अमेरिकी पद्धतीत तपासणीआधी कापडाला ४० धुण्यांतून आणि कृत्रिम उन्हातून काढतात. युरोपात ४० च्या वर आकडा असेल तरच कपड्यावर उन्हापासून संरक्षणाची खूण लावता येते. लेबलवर फक्त "यूपीएफ ५०" असं छापलेलं असेल आणि कोणत्या मानकाने मोजलं ते दिलं नसेल, तर त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका.

दोन गोष्टी आणखी. आकडा ५ वरून ३० वर गेला तर फरक प्रचंड पडतो, ३० वरून ५० ला गेला तर फार नाही. ५०+ च्या हव्यासापायी गुदमरवणारं कापड घेण्यापेक्षा हवेशीर ३० बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आकडा कापडाचा असतो, अंग किती झाकलं त्याचा नाही. यूपीएफ ५० चा बिनबाह्यांचा बनियन दंडांना काय वाचवणार? ऑस्ट्रेलियाच्या मानकात २०१७ च्या सुधारणेने अंग किमान किती झाकलं पाहिजे याचीही अट घातली गेली, ती उगीच नाही.

## ३. कापड उजेडासमोर धरा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही, आणि दुकानात अर्ध्या मिनिटात होते.

कापडाचा एकच पदर खिडकीकडे किंवा टॉर्चसमोर धरा. धाग्यांच्या मधली भोकं दिसतायत का बघा. धागा कितीही चांगला असला तरी भोकातून किरणं सरळ आत येतात, त्यामुळे संरक्षणाची कमाल मर्यादा भोकंच ठरवतात. क्षेत्रफळाच्या १० टक्के भोकं असतील तर यूपीएफ १० च्या वर जाऊच शकत नाही. ५ टक्के असतील तर कमाल २०, आणि २ टक्के असतील तर कमाल ५०. भिंग लावून मोजत बसू नका. टॉर्चचा दिवा कापडातून टोकदार ठिपक्यासारखा दिसला तर नको, धूसर उजळलेला डाग दिसला तर चालेल, एवढं पुरे.

आता तेच कापड दोन्ही हातांनी थोडं ताणा आणि पुन्हा बघा. विणकामातले दोन प्रकार इथे वेगळे वागतात. उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड, म्हणजे शर्टिंग, पॉपलिन वगैरे, ताणलं तरी फारसं उघडत नाही. टाके घालून विणलेलं, म्हणजे होजियरी आणि सगळ्या जर्स्या, ताणल्यावर जाळीसारखं उघडतं. सायकलवर पुढे वाकल्यावर खांदे आणि पाठीचा वरचा भाग नेमका ताणला जातो, आणि ऊन नेमकं तिथेच सर्वांत थेट पडतं. एका मापाने लहान घेतलेल्या जर्सीचा ५० चा आकडा त्या जागी राहत नाही.

या चाचणीला एक मर्यादा आहे. डोळ्यांना दिसतो तो प्रकाश, अतिनील किरणं वेगळी. पॉलिएस्टरच्या रेणूची घडणच अशी असते की तो यूव्हीबीचा बराच भाग स्वतः शोषतो, त्यामुळे किंचित पारदर्शक दिसणारं पॉलिएस्टरही बऱ्यापैकी काम करतं. ब्लीच केलेल्या सुताचं उलट आहे. ब्लीचमध्ये कापसातली किरणं अडवणारी नैसर्गिक द्रव्यं निघून जातात, म्हणून पांढऱ्याशुभ्र तलम सुतापेक्षा कोरं, पिवळसर सुती कापड जास्त ऊन अडवतं.

मग फुंकर मारा. कापड ओठांशी लावून जोरात फुंका आणि पलीकडे तळहात धरा. हवा पोचली तर ठीक. अजिबात पोचली नाही तर ते वाऱ्यापासून बचावाचं जॅकेट आहे, उन्हाचा शर्ट नव्हे. भोकं दिसत नाहीत आणि फुंकर मात्र पलीकडे जाते, अशा कापडाच्या शोधात तुम्ही आहात. बारीक धाग्याची दाट पण पातळ वीण असली की हे दोन्ही जमतं.

वजनाचा अंदाज म्हणून जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, हा आकडा बघा. उन्हाच्या शर्टसाठी १०० ते १४० च्या दरम्यानचं कापड मला योग्य वाटतं. त्याखाली वीण विरळ व्हायला लागते, १६० च्या वर घाम अडकतो. लेबलवर आकडा नसेल तर एकाच मापाचे दोन शर्ट काट्यावर ठेवून तुलना करा.

आणि जाळीदार कापड? काखेत, कुशीत, शर्टच्या पाठीवरच्या झडपेखाली हवंच. खांद्यावर आणि दंडाच्या वरच्या बाजूला नको. काही जर्स्यांची अख्खी पाठ जाळीची असते. दुकानात हातात घेतल्यावर ती गार लागते, म्हणून खपते.

## ४. आता धागा

धाग्याची निवड पायरी तीनपेक्षा कमी महत्त्वाची आहे, वाद मात्र याच्यावरूनच होतात. सुताचे भक्त आणि सिंथेटिकचे भक्त एकमेकांना आयुष्यभर पटवू शकत नाहीत.

सूत. सामान्य हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के बाष्प धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सुताचा मऊपणा आणि सावकाश वाळणं दोन्ही यातूनच येतं. कोरड्या उष्ण सपाट प्रदेशात सैल, दाट विणीचा सुती शर्ट उत्तम चालतो. दमट हवेत तो दुपारपर्यंत ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटतो, जड होतो, काचायला लागतो आणि भिजल्यामुळे ऊनही जास्त आत सोडतो. डोंगरात तर नकोच.

पॉलिएस्टर. पटकन वाळतं, ऊन अडवतं, टिकतं. घाम धाग्यात मुरत नाही, धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरतो, म्हणून मोठ्या पृष्ठभागावरून वाळतो. दोष एकच, पण सोबत्यांना तो लवकर कळतो. अंगातला तेलकटपणा या धाग्याला धरून राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास सुटतो.

नायलॉन. पॉलिएस्टरपेक्षा मऊ आणि घासायला चिवट, वाळायला किंचित हळू. पँटसाठी मी हेच सुचवेन. सततच्या उन्हाने नायलॉन पिवळं पडतं आणि कमकुवत होतं, म्हणून सावलीत वाळवा.

सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्रण. टेरिकॉट म्हटलं की नाकं मुरडली जातात. पण पातळ, दाट विणीचा, पूर्ण बाह्यांचा मिश्र धाग्याचा साधा ऑफिसचा शर्ट हा सायकल सफरीतला सर्वांत दुर्लक्षित कपडा आहे. कॉलर असते, बटणं उघडता येतात, खांद्यावर दुहेरी पदर असतो, निम्म्या रात्रीत वाळतो. पहिल्या सफरीसाठी नवं काही घेण्याआधी कपाटात असा एखादा शर्ट आहे का बघा.

लिनन. कडकपणामुळे अंगापासून सुटं राहतं, हवा खेळते, ओलावा शोषूनही चिकटत नाही. पण वीण बहुधा विरळ असते, तेव्हा उजेडाची चाचणी कडक घ्या. सुरकुत्यांची लाज वाटत असेल तर नाद सोडा.

मेरिनो लोकर. उन्हात लोकर ऐकून हसू येतं, पण १२० ते १५० जीएसएमचा बारीक धाग्याचा शर्ट उष्ण हवेतही बरा वाटतो आणि बरेच दिवस वास धरत नाही. पातळ असल्यामुळे लवकर विरतो, पिशवीच्या पट्ट्याखाली तर नक्कीच. वाळायलाही वेळ लागतो. सतत दमट उष्ण हवेसाठी मी घेणार नाही.

बांबू. बांबूच्या नावाने विकलं जाणारं कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या नावावरून २००९ मध्ये काही विक्रेत्यांवर कारवाई केली होती. हातात गारेगार आणि मऊ लागतं, पण व्हिस्कोस ओलं झाल्यावर कमकुवत होतं, लोंबतं आणि सावकाश वाळतं. रात्री झोपताना घालायला छान.

लायक्रा. पूर्ण कपड्यासाठी नव्हे, ताण देण्यापुरती. शर्टात पाच-दहा टक्के असेल तर हालचाल सोपी होते. आठवडाभर ऊन, घाम आणि गरम पाणी मिळालं की सैल पडायला लागते.

## ५. माप सायकलवर बसून घ्या

आरशासमोर ताठ उभं राहून बसलेला शर्ट सायकलवर बसेलच असं नाही. हँडलबार धरा, पुढे वाका आणि कोणाला तरी मागून बघायला सांगा. मनगटाचं हाड उघडं पडतंय का? बाही तीन-चार सेंटीमीटर मागे सरकतेच, तेवढी लांबी जास्त हवी. कमरेशी शर्ट आणि पँट यांच्यात फट पडतेय का? ती दोन बोटांची पट्टी दिवसभर ऊन खाते, आणि संध्याकाळी पाठीवर आडवी लाल रेघ उमटते. शर्ट मागून लांब असेल तर हा प्रश्न येत नाही. दोन्ही खांद्यांच्या मधलं कापड ढोलासारखं ताणलं गेलंय का? मग एक माप वर जा.

सैलपणा फॅशनसाठी नाही. त्वचा आणि कापड यांच्यात हवेचा थर राहिला की ऊन कापडावरच अडतं आणि तापलेली हवा निघून जाते. पुढची दोन बटणं उघडी, कॉलर उभी, बाह्यांच्या कफची बटणं सुटी : समोरून शिरलेली हवा पाठीवरून फिरून बाहेर पडते. मात्र इतका ढगळ नको की शिडासारखा फुगून समोरच्या वाऱ्यात ओढ लावेल किंवा सीटच्या टोकात अडकेल.

पँटचा गुडघा वाकवून बघा. पेडल वर आलं की मांडीवर आणि गुडघ्यावर ओढ बसत असेल तर दिवसाला हजारो वेळा तीच ओढ बसणार. पट्टा उजव्या पायाच्या घोट्याला बांधाच, तिथे चेन असते.

पाठीवर सॅक नको. उत्तमातलं उत्तम कापड घेऊन त्यावर सॅक चढवली की पाठीचा सगळा भाग वाळण्यातून बाद. सामान सायकलला लावा.

## ६. रंगाबद्दल थोडं

एकाच कापडात गडद रंग अतिनील किरणं जास्त अडवतो, हे खरं. गडद रंग जास्त तापतो, हेही खरं. निर्णय सैलपणा करतो. १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात वाळवंटात राहणाऱ्या बेदुइन टोळ्यांच्या काळ्या झग्यांवर एक शोधनिबंध आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषतो, पण ढगळ असल्यामुळे ती जास्तीची उष्णता अंगाला लागण्याआधीच निघून जाते, असं मोजमापातून दिसलं.

तेव्हा सैल शर्ट कोणत्याही रंगाचा चालेल, अंगालगत बसणारं जे काही असेल ते फिकट घ्या. बाह्यांच्या सुट्या नळ्या म्हणजे आर्म स्लीव्ह काळ्या घेऊ नका, त्या कातडीलाच चिकटलेल्या असतात. आणि रस्त्यावर ट्रकवाल्याला तुम्ही दुरून दिसलं पाहिजे, म्हणून मातकट आणि डांबरी रंग मी टाळतो. पिवळा, केशरी, झगझगीत हिरवा हे रंग दिसतातही आणि फार तापतही नाहीत.

## ७. घरी पाण्याची चाचणी

शर्टच्या आतल्या बाजूला बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर ते कापड घाम टिपणार नाही. पसरून मोठा फिकट डाग झाला तर चांगलं. डाग बाहेरच्या बाजूला आतल्यापेक्षा मोठा दिसला तर उत्तम, घाम बाहेर ओढला जातोय. अगदी नव्या कपड्यावर कारखान्यातली खळ असते, तेव्हा एकदा धुऊन मग ही चाचणी घ्या.

नंतर पूर्ण भिजवा, पिळा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत टांगा. रात्री टांगलेला शर्ट सकाळी शिवणींसकट कोरडा हवा. शिवण, कॉलर आणि खिशाची दुमड शेवटी वाळते, तिथे हात लावून बघा. सकाळी ओली राहिलेली कॉलर मानेला काचते.

## ८. विसरल्या जाणाऱ्या जागा

शर्ट-पँटवर सगळा विचार खर्च होतो आणि भाजतात ते हात, मान, कान आणि पाय.

हाताचा पंजा हँडलबारवर पालथा असतो, दिवसभर आकाशाकडे. अर्ध्या बोटांच्या ग्लव्हजची पाठ बहुतेक जाळीची असते. काही दिवसांनी ग्लव्हज काढून पाहिलं तर पंजाच्या पाठीवर जाळीचे बारीक ठिपके उमटलेले असतात, मनगटाशी वेलक्रोच्या खाचेएवढा काळा चौकोन, आणि बोटं मधल्या पेरापासून वेगळ्याच रंगाची. पातळ, पूर्ण बोटांचे, दाट पाठीचे ग्लव्हज घ्या किंवा बाहीला अंगठ्याचं भोक असलेला शर्ट.

हेल्मेटच्या खाचांतून डोक्यावर ऊन पडतं. केस विरळ असतील तर टाळूवर पट्टे भाजतात. आत पातळ टोपी घाला, पुढे छोटी झापड असलेली असेल तर डोळ्यांनाही सावली मिळते. टोपीमुळे हेल्मेट सैल किंवा घट्ट होता कामा नये, पट्टे पुन्हा जुळवून घ्या. मानेसाठी टोपीला मागे लावायचा पडदा किंवा गळपट्टी. नळीसारखी ताणणारी गळपट्टी डोक्यावरून ओढली की तिची वीण उघडते, म्हणून ताणून एकपदरी घालण्यापेक्षा मानेवर सैल दुपदरी ठेवा. कोरड्या हवेत ती पाण्याने भिजवून घातली तर तासभर स्वर्ग आहे.

सँडल घालणार असाल तर पातळ मोजे घाला. दिसायला विचित्र, पण पावलांची पाठ भाजली की बूटही घालवत नाही.

चेहरा, कान, नाक यांना सनस्क्रीनशिवाय गत्यंतर नाही, तेही दर दोन तासांनी. अ‍ॅव्होबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनचे लोहयुक्त पाण्यात धुतल्यावर कपड्यावर गंजासारखे डाग पडतात. कॉलर पांढरी असेल तर आधीच मन घट्ट करा.

## ९. बसण्याची जागा

पॅड असलेली शॉर्ट आत आणि वर सैल पातळ पँट, हा माझ्या मते सर्वांत व्यवहार्य जोड. पॅडच्या शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालायचं नाही. नवखे लाजून घालतात, मग शिवण आणि घाम मिळून मांड्या सोलवटतात. रोज धुतलेली, पूर्ण वाळलेली शॉर्टच घाला. ओलसर पॅडवर दिवस काढण्यापेक्षा पॅडशिवाय बसलेलं परवडतं.

## १०. किती घ्यायचे, कसे धुवायचे

सायकलवर घालायचे दोन जोड आणि मुक्कामाचा एक. त्याहून जास्त म्हणजे चढावर वाहायचं ओझं.

रोज संध्याकाळी निदान साध्या पाण्यातून काढा. घामाचं मीठ वाळून काखेत आणि कमरपट्ट्याशी पांढऱ्या रेघा उमटतात, त्या खरखरीत असतात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच काचतं. कापड मऊ करणारं द्रावण वापरू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम टिपणं थांबतं. सकाळी ओलं राहिलंच तर मागच्या सामानावर सेफ्टी पिनांनी अडकवा, पण लोंबणारं टोक चाकापासून लांब.

नेहमीच्या फसगती

- "कूलिंग" हा शब्द. हाताला गार लागणं हा पहिल्या काही सेकंदांचा अनुभव असतो, चढावरच्या अर्ध्या तासाचा नाही.
- "घाम शोषतो" आणि "घाम टिपून बाहेर पोचवतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेते दोन्ही एकाच दमात सांगतात.
- पाठीवर मोठं रबरी छापील चित्र. तेवढ्या भागात हवा बंद.
- सफरीच्या पहिल्या दिवशी नवा कपडा. शिवण कुठे काचते ते घराजवळच कळू दे.
- आवडता जुना शर्ट. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटून दाट होतं, पण वर्षांनी विरतं. खांद्याचा भाग उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय नेऊ नका.

निघण्याच्या निदान आठवडाभर आधी पूर्ण पोशाख घालून भर दुपारी दोन-तीन तास सायकल चालवा, एखादा चढ असलेल्या रस्त्यावर. परत आल्या आल्या काही निष्कर्ष काढू नका. उन्हाची लाली काही तासांनी उठते आणि साधारण १२ ते २४ तासांत सर्वांत जास्त दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघा. मनगटाशी लाल असेल तर बाही आखूड आहे, कमरेशी असेल तर शर्ट, खांद्यावर सरसकट असेल तर वीण विरळ आहे किंवा माप घट्ट. जिथे खूण दिसेल तेवढाच कपडा बदला आणि पुन्हा एकदा दुपारी बाहेर पडा.